शेळीचं तिकीट

माझ्या आल्बमच्या एकतिसाव्या पानावर चार चौकोन आहेत. तीन भरलेले आहेत. चौथा रिकामा आहे आणि त्याच्याखाली मी काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात 'शेळी' असं लिहून ठेवलेलं आहे. हे मी एक्केचाळीस साली लिहिलं. पुढं जे काही झालं ते या दोन अक्षरांमुळं झालं, असं माझ्या वडिलांचं मत आहे. वस्तू यायच्या आधी तिचं नाव लिहू नये, असं ते म्हणतात. येता-जाता आल्बम उघडा दिसला की थांबून बघायचे आणि विचारायचे, "गोठा तर बांधून ठेवलायस. शेळी कुठाय?"

मी तिकिटं जमवतो. राजाचं डोकं असलेली नाही. ती पुणतांब्यात कुणीही जमवील. मी जमवतो ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं माल जातो, त्या मालाला चिकटवायची तिकिटं. ही सरकारी नसतात. बोटीची कंपनी ती छापते, कंपनीचाच कारकून ती चिकटवतो, कंपनीचाच शिक्का त्यांच्यावर बसतो, आणि पलीकडच्या धक्क्यावर माल उतरला की लोक ती फाडून समुद्रात टाकतात. म्हणून ती मिळत नाहीत. समुद्रापासून शंभराहून जास्त मैल आत, गोदावरीच्या काठी, भटाच्या मुलाला हा नाद कसा लागला, हे गावानं मला बऱ्याच वेळा विचारून झालंय. राहात्याला एक म्हातारी मडम होती. तिचा भाऊ त्या बेटांवर असायचा. मी तिला मराठी वाचायला शिकवलं. तिनं मला भावाच्या पार्सलांवरची तीन तिकिटं दिली आणि वर एक जुना कॅटलॉग. बेटांचं नाव मी सांगणार नाही. एकदा नाव बाहेर पडलं की पुण्याचे लोक तिथं पत्रं धाडायला लागतात.

कंपनीची तिकिटं चारच. ओल्या मालाला मासा, कोरड्या मालाला नारळ, फुटणाऱ्या मालाला दिवा आणि जनावराला शेळी. पहिली तीन माझ्याकडं होती. शेळीपुढं कॅटलॉगात लिहिलं होतं: 'तपकिरी. वापरलेली. फार दुर्मीळ.' कारण उघड होतं. ते तिकीट दोरीला लावून शेळीच्या गळ्यात अडकवायचे, आणि बोट सुटली की शेळी ते खायची.

चव्वेचाळीसच्या फाल्गुनातल्या एका मंगळवारी मी दुपारच्या गाडीची थैली उपडी केली आणि शेळी बाहेर पडली.

म्हणजे पार्सल पडलं. मी तेव्हा गावच्या टपाल कचेरीत हंगामी कारकून होतो. पार्सल मांजरपाटात शिवलेलं, विटेएवढं, लाखेच्या तीन मोहरा मारलेलं. एका बाजूला लष्करी टपालाचा शिक्का होता, तो ओल लागून नुसता जांभळा ढग झाला होता. दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यात, तपकिरी रंगाची, मान मागं वळवून बघणारी शेळी. कडेचे दात सगळे शाबूत. तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का, अर्धा तिच्या अंगावर आणि अर्धा लाखेखाली गेलेला.

पार्सलात शेळी नव्हती. मी हलवून पाहिलं. त्या दिवशी कारकुनाकडची नारळाची तिकिटं संपली असावीत आणि त्यानं हाताला लागलं ते लावलं असावं. त्या अनोळखी आळशी माणसाला मी मनातून नमस्कार केला.

"शरच्चंद्र," पोस्टमास्तर शामकांतराव म्हणाले, "पार्सल नाकाला काय लावताय? नोंद करा."

शामकांतराव टपालाच्या नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन दुपारचे निजायचे आणि ताजेतवाने होऊन उठायचे. मी नोंद करायला घेतली. घेणारा: रंगनाथ गाडेकर, पुणतांबे. पाठवणारा: शिपाई मच्छिंद्र रंगनाथ गाडेकर. इथं माझा टाक थांबला.

मच्छिंद्र मेलेला होता.

कार्तिकात तार आली होती. तो ज्या बोटीवर होता ती अकरा सप्टेंबरला बुडाली, तो सापडत नाही, मेला असं समजावं. घरच्यांनी महिनाभर वाट बघितली. मग माझ्या वडिलांनी, म्हणजे यज्ञेश्वरभटांनी, मार्गशीर्षात घाटावर दर्भाचा पुतळा करून तो रीतसर जाळला. दहाव्याला मी स्वतः पत्रावळ धरायला होतो. पिंड खाली टेकला न टेकला तोच कावळा शिवला. गोजरबाईचं, मच्छिंद्रच्या बायकोचं, कुंकू पुसलं गेलं.

"मग मयताचं पार्सल," शामकांतराव म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, कलम आठवलं. "घेणाऱ्यानं अंगठा उठवला तर द्यायचं. सात दिवसांत नाही घेतलं तर पाठवणाऱ्याला परत. पाठवणारा मयत. तेव्हा मुंबईला, बेवारस टपालात."

"तिथं काय करतात?"

"फोडतात. आत काही कामाचं असलं तर ठेवतात."

"आणि वरचं कापड?"

"वरचं कापड कोण ठेवतंय, शरच्चंद्र?"

*

मी तसाच गाडेकरांच्या मळ्यावर गेलो. रंगनाथकाका मोट हाकत होते. पार्सल आलंय म्हटल्यावर त्यांनी बैल थांबवले. मच्छिंद्रचं म्हटल्यावर कासरा सोडला, आणि भरलेली मोट थेट विहिरीत गेली. ती पाण्यावर आपटल्याचा आवाज वर आला.

"न्हाई घ्यायचं," ते म्हणाले.

"अहो पण—"

"जिता असताना धाडलं आसंल. वाटंत आडकलं आसंल. आता न्हाई घ्यायचं. कावळा शिवलाय त्येला. तुमी हुताच की."

"होतो."

"पोरांचे बाप घाटावर दोन-दोन तास हात जोडून हुबं राहत्यात, कावळा येत न्हाई. आमचा झटक्यात आला. म्हंजी पोरगं समाधानानं गेलं. आता त्येच्या हातचं घरात घ्यायचं म्हंजी गेलेल्याला मागं वढायचं."

मागं छबूबाई, मच्छिंद्रची आई, वैरणीची पेंढी धरून उभी होती. ती म्हणाली, "मला नुसतं हात लावून बघू द्या की."

"न्हाई."

मी दुसऱ्या बाजूनं गेलो. म्हटलं, "तुम्ही नुसता अंगठा उठवा. पार्सल घरात आणू नका. आतलं कुणालाही द्या. मला वरचं कापड तेवढं पुरे."

रंगनाथकाकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तेराव्याला धोतर दिलं न्हवं तुमच्या वडलांना? अजून कापड कमी पडतंय व्हय?"

मग मला तिकिटाचं सांगावं लागलं. बेटं, बोट, मासा, नारळ, दिवा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला जरा आशा वाटली.

"म्हंजी शेळीचं चित्र पायजे तुमाला."

"हो."

"चित्र कशापायी? खरीच देतो की. ही काय, चरती हाय."

मी परत आलो. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी मोट थांबलीसुद्धा नाही, काकांनी बैलांना सांगितलं, "चला, टपालवालं आलंया." बैल माझ्याकडं न बघता गेले.

*

चौथ्या दिवशी मी वडिलांना गाठलं. ते पडवीत दर्भ निवडत होते.

"बाबा, कावळा चुकू शकतो का?"

"कावळा चुकत नाही," वडील म्हणाले. "कावळा भुकेला असतो."

"मग एवढं रंगनाथकाकांना सांगा."

"मी हे सांगितलं तर उद्यापासून घाटावर कोण येईल? तुझी शेळी दूध देणार आहे का?"

मी हिरमुसून बसलो. वडिलांना माझी दया आली असावी, किंवा कंटाळा आला असावा. त्यांनी आतून एक पोथी आणली, धूळ फुंकली आणि बराच वेळ पानं उलटली.

"आहे," ते म्हणाले. "मेला समजून क्रिया केली आणि मागाहून माणूस आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालायचा. तुपाच्या घागरीत बुडवून वर काढायचा. तो जन्म. मग न्हाऊ घालायचं, मग बारसं, मग मुंज."

"त्यांच्यात मुंज नसते."

"मग तेवढा वेळ वाचला. मग लग्न."

"कुणाशी?"

"आहे तिच्याशीच. नवी कशाला?"

"पण बाबा, तो आलेला नाही. पार्सल आलंय."

वडिलांनी दर्भाची काडी कानामागं खोवली. "जाळताना तरी तो कुठं होता? पुतळा जाळला. मरायला पुतळा चालतो, तर जन्मायला पार्सल का चालू नये?"

मी तर्कशास्त्रात नापास झालेलो आहे. म्हणूनच मी हंगामी कारकून होतो.

संध्याकाळी वडील स्वतः मळ्यावर गेले. त्यांनी कावळ्याचा विषय काढलाच नाही. कावळा शिवला तो मागच्या जन्मातल्या मच्छिंद्रला, हा नवा; नव्याच्या हातचं घ्यायला हरकत नाही, असं त्यांनी समजावलं. रंगनाथकाकांना ते पटलं. फक्त, जन्माला येईपर्यंत आपण पार्सलाला हात लावणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हात लावल्याशिवाय अंगठा उठवता येत नव्हता. अंगठ्याशिवाय पार्सल घरी नेता येत नव्हतं. म्हणजे बाळंतपण टपाल कचेरीत करायला हवं होतं.

मी माझी एकच अट घातली: झालं की वरचं कापड माझं.

"घ्या बाबा घ्या," रंगनाथकाका म्हणाले. "बाळंतपणाची वार बी कापडात गुंडाळून देतो."

शामकांतराव नाही म्हणतील अशी मला खात्री होती. त्यांनी पुस्तक मागवलं, चष्मा पुसला आणि शनिवारची दुपार त्यात घालवली. "पार्सल कचेरीच्या ताब्यातून बाहेर जाता कामा नये," ते शेवटी म्हणाले. "ताब्यात असताना त्याचं काय काय करू नये, त्याची यादी आहे. बारसं त्या यादीत नाही."

*

सोमवारी, म्हणजे सातव्या दिवशी, सकाळी टपाल कचेरीच्या ओट्यावर पाळणा टांगला गेला. गल्लीतल्या बायका आल्या. घुगऱ्यांचं पातेलं आलं. कुणाच्या तरी बाळाचं झबलं आणि टोपडंही आलं, आणि पार्सलाला टोपडं घट्ट होतं की सैल, यावर दोन बायकांचं वाजलंसुद्धा.

लढाईच्या दिवसांत घागरभर तूप कुठून आणणार? वाटीभर मिळालं. बुडवण्याऐवजी वरून सोडायचं ठरलं. इथं मी मध्ये पडलो.

"बाबा, त्या बाजूला तूप नको."

"का?"

"त्या बाजूला शेळी आहे. आणि पाणी तर अजिबात नको. सुटून येईल."

"शरू, न्हाऊ घालताना मूल एका बाजूनं कोरडं ठेवलेलं तू कुठं पाहिलंस?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी शेळीवर विड्याचं पान ठेवून वरून सुतळी बांधायची, असं ठरलं. बायकांना तो विधीचाच भाग वाटला. नंतर गावात दोन बारशी झाली आणि दोन्हीकडं बाळाच्या डाव्या दंडाला विड्याचं पान बांधलेलं मी पाहिलं. मी कुणाला काही बोललो नाही.

पाणी तापेपर्यंत मी जरा बाहेर आलो. पत्रपेटीच्या आडोशाला गोजरबाई उभी होती. कपाळ मोकळं. तिला बारशाला बोलावणं नव्हतं, विधवेला नसतं. पाळणा टांगला होता तो तिच्याच घरातला, एकदाही न वापरलेला.

"शरूभाऊ," ती म्हणाली, "त्येच्यावर तारीक आसंल न्हवं? तुमी समद्या टपालावर ठोकता तशी?"

मी सात दिवस ते तिकीट बघत होतो. वरच्या बाजूला चौदा दात आहेत, हे मला माहीत होतं. शेळीच्या डाव्या शिंगात शाईचा ठिपका सुटलाय, हे माहीत होतं. कंपनीचा शिक्का माल बोटीवर चढतो त्याच दिवशी मारतात, हे कॅटलॉगातलं वाक्य मला पाठ होतं. पण तो दिवस कोणता, हे वाचावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "पण लाखेखाली गेली आहे."

"मंग लाख काढा."

"अंगठा उठल्याशिवाय मोहोर फोडता येत नाही."

ती पत्रपेटीच्या तोंडाकडं बघत म्हणाली,

"बोट बुडाल्याचा दिस मला पाठ हाय. अकरा सप्टंबर. त्येच्या पुढची तारीक आसली तर मला सांगा. मागची आसली तर काय बी सांगू नका. नुसतं म्हना, वाचता येत न्हाई."

आतून वडिलांनी हाक मारली.

तूप सोडलं. पाणी घातलं. पान टिकलं. पार्सल पुसून पाळण्यात ठेवलं. मच्छिंद्रची आत्या, लंकाबाई, नाव सांगायला वाकली आणि तशीच थांबली.

"ह्येचा कान कंचा?"

सगळ्यांनी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी शांतपणे मधल्या मोहरेकडं बोट दाखवलं. लंकाबाईनं लाखेला तोंड लावून मच्छिंद्र असं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. छबूबाईनं पाळण्याची दोरी धरली. तिला आता पुरे असं कुणीतरी म्हणालं, पण तिचा हात थांबला नाही. नुसता पाळण्याच्या कडीचा आवाज येत राहिला.

रंगनाथकाकांनी नव्या मच्छिंद्रला उचललं आणि रजिस्टरात अंगठा उठवला. शिवण उसवली. आत एक शंख होता आणि कासवाच्या पाठीची एक फणी. चिठ्ठी नव्हती. मच्छिंद्रला लिहिता येत नव्हतं; वरचा पत्तासुद्धा दुसऱ्याच कुणाच्या हातचा होता. त्याची पत्रं लिहून देणारा हवालदार बोटीबरोबर बुडाला होता. छबूबाईनं शंख कानाला लावला. फणी कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ती कुणीच उचलली नाही.

कापड माझ्या हातात आलं.

*

मी ते घेऊन आत टेबलापाशी गेलो. पान सोडलं. शेळी कोरडी होती. चाकूचं पातं दिव्यावर तापवून मी लाख कणाकणानं काढली. शिक्का पुरा दिसला.

४ ऑक्टोबर १९४३.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा नसताना चष्मा पुसायची हालचाल केली आणि तिसऱ्यांदा वाचलं.

बोट बुडाल्यानंतर तेवीस दिवसांनी मच्छिंद्र गाडेकर नावाच्या माणसानं एका धक्क्यावर उभं राहून हे पार्सल बोटीवर चढवलं होतं. आणि हे सिद्ध करायला जगात एकच वस्तू होती, ती माझ्या चिमट्यात होती. मी हे बोललो की शेळी माझी राहणार नव्हती, एवढं तर्कशास्त्र मलाही येत होतं.

पलीकडं शामकांतराव घुगऱ्या खात होते. त्यांचं इकडं लक्ष नव्हतं. दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं. बोलायचं वाक्यही मला जुळवावं लागणार नव्हतं. गोजरबाईनंच ते तयार करून दिलं होतं. वाचता येत नाही. तीन शब्द. तीन वर्षं रिकामा असलेला चौकोन. शेळी मान वळवून माझ्याकडं बघत होती. मला तिचा फार राग आला.

मी बाहेर गेलो.

"चार ऑक्टोबर," मी म्हटलं.

गोजरबाई तिथंच मातीत बसली. मग म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. मग हात पुढं केला, आणि मी तिकिटावर बोट ठेवून आकडा न आकडा दाखवला. तिला आकडे येत नव्हते. तरी तिनं प्रत्येक आकडा नीट पाहिला.

रंगनाथकाका आले. "म्हंजी बुडाल्यावर?"

"बुडाल्यावर तेवीस दिवसांनी."

त्यांनी हळूच वडिलांकडं पाहिलं. "आन् मंग कावळा?"

"कावळ्याचं मी बघतो," वडील म्हणाले.

शामकांतरावांनी हात धुतले आणि पुस्तक न उघडताच सांगितलं, की लष्कराकडं अर्ज करावा लागेल आणि सोबत पुरावा लावावा लागेल. मी म्हटलं, मी हुबेहूब नक्कल काढून देतो, रंगीत. ते म्हणाले, मूळ. मी म्हटलं, पोस्टमास्तरांच्या सहीचा दाखला पाठवू. ते म्हणाले, मूळ, शरच्चंद्र.

इंग्रजीत अर्ज मीच लिहिला. दुसरं कोण लिहिणार? कापडाचा तेवढा तुकडा मीच कापला. शामकांतरावांनी तो अर्जाला टाचला. टाचणी त्यांनी शेळीच्या पोटातून आरपार काढली. मी तोंड फिरवलं. पाकिटावर शिक्का मारायचं काम माझंच होतं; तो मी इतका जोरात मारला की दौत उलटली.

*

त्यानंतर मी लष्कराला सात पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांत मच्छिंद्रची चौकशी होती आणि शेवटच्या ओळीत नम्रपणे शेळीची. पुढच्या पाच पत्रांत हे प्रमाण बदलत गेलं.

श्रावणात उत्तर आलं. शिपाई मच्छिंद्र गाडेकर जिवंत आहे. एका लहान बेटावरच्या इस्पितळात आहे. पाय मोडलेला आहे. त्याचं नाव यादीत राहून गेलं होतं, ते आता चढवलेलं आहे. गावात पेढे वाटले गेले. छबूबाईनं मला घरी बोलावून पुरणपोळी वाढली. गोजरबाईनं फणी केसांत खोवली होती. पत्राच्या खाली एक ओळ होती, ती मी कुणाला वाचून दाखवली नाही: सोबत जोडलेलं बकरीचं चित्र फायलीचा भाग झालेलं असल्यामुळं परत करता येत नाही.

बकरी, चित्र आणि फाईल. त्या रात्री मी जेवलो नाही. अर्थात पुरणपोळी झालेली होती.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर मच्छिंद्र लंगडत घरी आला. पहिल्या दिवशी मी स्वतःला आवरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओट्यावर होतो.

"मच्छिंद्र, त्या पार्सलावर एक शेळीचं तिकीट होतं."

"आसंल," तो म्हणाला. "त्या धक्क्यावरल्या कारकुनाकडं गठ्ठाच हुता त्येचा. बेटावर शेळ्याच न्हवत्या राहिल्या, समद्या खाल्ल्या फौजंनं. तिकिटं तशीच पडून हुती. डिंक मातुर लई भारी. आमी तडकल्याल्या कंदिलाच्या काचा चिकटवायचो त्येनी."

मी ओट्याचा खांब धरला. "एखादी आणलीस का बरोबर?"

"काय, काच?"

वडिलांनी पोथीप्रमाणे मच्छिंद्र आणि गोजरबाईचं लग्न घाटावर पुन्हा लावलं. पार्सलाचं बारसं झालेलं असल्यामुळं ते पुन्हा करावं लागलं नाही. अंतरपाट धरायला मी होतो. मंगलाष्टकं चालू असताना गोजरबाई पलीकडून हसायला लागली आणि तिला ते आवरेना. मच्छिंद्र एका पायावर उभा राहून मला विचारत होता, ती का हसतीय. वडिलांनी दोघांना दटावलं. घाटावर नेहमीप्रमाणे कावळे होते. रंगनाथकाका अधूनमधून त्यांच्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात शेळी. गळ्यात नवं दावं, कपाळाला हळदकुंकू. शेजारी रंगनाथकाका उभे.

"म्या म्हनलंच हुतं खरी देतो म्हनून," ते म्हणाले. "तवाच घ्यायची. उगं इतकं हेलपाटं घातलं तुमी."

आमच्या घरात आजवर कुणी शेळी पाळलेली नाही. मी वडिलांकडं पाहिलं. ते नकार देतील असं मला वाटलं.

"राहू दे," वडील म्हणाले. "गोठा तयारच होता."

आल्बम मी आता माळ्यावर ठेवतो. तिची जात तिकिटं खाणारी आहे. परवा कॅटलॉग खाली काढला आणि तिच्यासमोर उभा राहून ताडून पाहिला. तपकिरी, हे बरोबर आहे. वापरलेली, हेही बरोबर; तिची दोन वेतं झालेली आहेत. फार दुर्मीळ, एवढंच जुळत नाही. रंगनाथकाकांकडं अजून अकरा आहेत, आणि मच्छिंद्र म्हणतो, संकोच करू नका.